विषय : जावयाच्या गाडीचे हूड बांधणेबाबत

८ फेब्रुवारी, रविवार. नांदेड. सकाळी ११

लुंबिनीची लिस्ट लागली. आमच्याच खात्यात, इंजिनियर. ज्या ऑफिसात मी छत्तीस वर्षे घंटी वाजली की उठलो, तिथे आता माझी नात घंटी वाजवणार. तिचा बाप, माझा मुलगा आदर्श, शाळेत मास्तर असून त्याला दोन वाक्ये धड बोलता येईनात. बायको धुरपता चुलीजवळ बसून डोळे पुसून राहिली होती. विचारले तर म्हणाली धूर झाला. आमच्याकडे गॅस आहे.

ही डायरी लुंबिनीनेच दिलेली. म्हणाली, आबा, काळजी डोक्यात ठेवू नका, वहीत ठेवा. आजपासून रोज लिहिणार. खरे तेच लिहिणार.

मिरवणूक २२ तारखेला, विहारापासून कमानीपर्यंत. लातूरचे जावई अमृतराव त्यांची उघडी गाडी आणणार. त्यांचा मंडपाचा धंदा आहे, नवरदेवाच्या वरातीसाठी ही गाडी हैदराबादहून जुनी घेतली. कापडी टपाची. टप मागे घडी होतो. मागच्या लग्नात फटाका पडून टपाला ताटाएवढे भोक पडले. नवीन टप पार्सलने आला आहे.

दुपारी २

अमृतरावांचा फोन. म्हणाले, मामा, इथं मोटार गल्लीत वीरण्णा म्हणून म्हातारा हाय, हूडाचा मास्टर, तासाभरात बसवून देतो. मी म्हणालो, काही गरज नाही. अकरा वर्षे साहेबांच्या जीपचे हूड मी बांधले, एकदाही उडाले नाही. मी स्वतः येतो. उद्याच येतो.

धुरपताने विचारले, कोन्ता वीरण्णा. मी म्हणालो, मला काय माहीत, लातुरात पन्नास वीरण्णा असतील.

ती माझ्याकडे जास्त वेळ बघून राहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार. लातूर. दुपारी ४

एसटीने आलो. खिडकी मिळाली. ऑटोवाल्याला मोटार गल्लीतून घ्यायला सांगितले. तो म्हणाला, चाचा, उलटा पडतंय. मी म्हणालो, पडू दे.

बोर्ड मोठा आहे. वीरण्णा हूड वर्क्स. जीप, सीट, रेक्झिन, ताडपत्री. खाली लाल अक्षरात, सोमवारी बंद. शटर खाली होते. तरी तोंडाला रुमाल बांधून घेतला. धूळ फार.

हा दुसराच कोणी असेल. आमचा वीरण्णा ड्रायव्हर होता. त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९

गाडी पाहिली. पांढरी, दोन दाराची, बुटकी. आत बसायचे म्हणजे विहिरीत उतरल्यासारखे. अमृतरावांनी जुना टप आधीच काढून टाकला आहे, नुसता सांगाडा उभा. नवीन टप काळा, रेक्झिनसारखा, मागे प्लास्टिकची काच. सोबत इंग्रजी कागद, चित्रांचा. मी सातवी पास, आठवी अर्धी. पण हूडाला भाषा लागत नाही.

पार्सलमध्ये एक जास्तीचा तुकडा निघाला. तोही काळा, कडेला टिच बटणे. कशाचा ते कळेना. मुलीला, विशाखाला, म्हणालो, कंपनीने बक्षीस दिले असेल. तिने तो वाशिंग मशीनवर टाकला. बरोबर बसला.

संकल्प :
घाई करायची नाही.
कोणाचा सल्ला घ्यायचा नाही.
मोटार गल्लीत जायचे नाही.

अमृतराव भले माणूस. म्हणाले, मामा, तुमच्या वयाला कशाला तरास. विशाखाच मधे बोलली की बाबांचं हूड वादळात पण हललं नाही म्हणे, लहानपणापासून ऐकतो आम्ही. ही गोष्ट तिला मीच सांगितलेली. लहान असताना झोपताना सांगायचो. पोरांना काहीतरी सांगावे लागते.

११ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६

आज टप भिजवला. ही खरी सरकारी युक्ती आहे. खाकी कॅनव्हास ओला करून बांधायचा, वाळताना आखडतो आणि ढोलकीसारखा ताणून बसतो. हे इंग्रजी कागदात नसणार.

न्हाणीत टप पसरला आणि पाच बादल्या ओतल्या. पाणी पिईना. वरच्यावर वाहून गेले. विशाखा म्हणाली, बाबा, ते प्लास्टिक आहे. मी म्हणालो, परदेशी कापड आहे, सावकाश पितं. दुपारभर नळाखाली ठेवला. टाकी संपली. अमृतराव अर्धी अंघोळ करून साबणासकट बाहेर आले. तसेच शेजारी बादली मागायला गेले. त्याचेच जास्त वाईट वाटले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२

टप चार बोटे कमी पडतो. कंपनीची चूक. अमृतरावांना तक्रार करायला सांगितले.

दुपारी १२.४०

लुंबिनीने मोबाईलवर गाडी बघायला मागितली. बघून म्हणाली, आबा, काच मागं पाहिजे. तुम्ही उलटं लावलंय.

मला वाटलेच होते की ड्रायव्हरच्या डोक्यावर काच कशाला. आभाळ बघायला असेल असे समजलो. तक्रार मागे घ्यायला सांगितली. अमृतराव म्हणाले, अजून केलीच नव्हती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५

सुलटा लावला. दोन बोटे कमी. लुंबिनीने कागद फोटोतून वाचला. त्यात लिहिले आहे की बसवण्याआधी तासभर उन्हात पसरा, मऊ होतो, मग ओढून बसवा. म्हणजे बरोबर माझ्या उलट. मी म्हणालो, उन्हाने कापड सडतं. ती म्हणाली, आबा, लिहिलंय तसं करून तर बघा.

कोणाला न सांगता टप गच्चीवर पसरला. वारा होता म्हणून चार विटा ठेवल्या. खाली येऊन पडलो, डोळा लागला. उठून गेलो तर शेजारच्या पंचफुलाबाईंनी त्यावर बाजरीच्या खारोड्या घातलेल्या. म्हणाल्या, काळं प्लास्टिक हाय, लवकर वाळत्यात म्हनून. मी म्हणालो, बाई, हे गाडीचं हूड आहे. म्हणाल्या, मग कशाला लोळत ठिवलं, मला काय सपान पडतं का.

खारोड्या ओल्या होत्या, काढता येईनात. वाळेपर्यंत थांबायला सांगितले. हूडाला लसणाचा वास येतो.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

बसला. पुढच्या दोन्ही क्लिपा लागल्या. मागची बटणे तीन सोडून सगळी लागली. ऊन लागल्याने लागला असे विशाखा म्हणते. मला वाटते आधी भिजवला होता म्हणून.

दुपारी १

जेवताना अमृतराव म्हणाले, मामा, एकदा वीरण्णाला नुसतं दाखवून आणू, त्यानं हो म्हटलं की मी निवांत. अर्धी भाकरी ठेवून उठलो.

मग पडल्या पडल्या सहज विचारले, हा वीरण्णा कुठला. अमृतराव म्हणाले, उदगीरकडचा. सत्तरी पार आहे. तरुणपणी नांदेडला कुठल्या तरी सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होता म्हणे, काढून टाकलं. चालत्या जीपचं हूड उडालं होतं. म्हणून मग हूडाचंच काम शिकला, असं तोच हसून सांगतो.

मी म्हणालो, असतात असे निष्काळजी लोक.

हे वाक्य मी म्हणालो. खरे तेच लिहायचे ठरले आहे म्हणून लिहिले.

दुपारी ३

१९८९ च्या बाबतीत थोडा खुलासा. हूड एकदा उडाले होते. एकदाच. अर्धापूरच्या पुढे. वेगामुळे उडाले. वीरण्णा जीप जोरात चालवायचा, हे सगळ्या ऑफिसला माहीत होते. मागे कालव्याचे नकाशे होते, ते केळीच्या बागांत पसरले. मी, वीरण्णा आणि साहेब तिघेही केळीच्या खाली वाकून नकाशे गोळा करत फिरलो. अकरा सापडले. बारावा सापडला नाही.

अकरा वर्षांत एकदा म्हणजे उडाले नाही म्हटले तरी चालते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १

अमृतरावांबरोबर औशाच्या रस्त्याला ट्रायल. पन्नासपर्यंत ठीक. साठला टप गोधडी झटकल्यासारखा वाजायला लागला. डावा कोपरा सुटला. मी हात बाहेर काढून तो धरला. परत येईपर्यंत धरून ठेवला. रस्त्यात एका ट्रॅक्टरवाल्याने मला हात केला, त्याला वाटले मी त्याला करतोय.

अमृतरावांना म्हणालो, आज वारा फार आहे. झाडाचे पान हलत नव्हते.

ते म्हणाले, मामा, शनिवारी नांदेडला जायचंय, शंभर मैलाच्या जवळ रस्ता. वाटंत उडालं तर पोरीची मिरवणूक राहील. आज वीरण्णाकडं टाकू का. मी म्हणालो, एक दिवस द्या. आवाज चढला. जावयावर आवाज चढवला, या वयात.

संध्याकाळी ६

हूड पुन्हा उडता कामा नये. माझ्या हातून नाही. दुसऱ्यांदा नाही.

वरच्या ओळीत दुसऱ्यांदा असे लिहिले गेले. खोडणार होतो. राहू द्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५

गंजगोलाईच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणली. बटणावर माझा विश्वास नाही, बटण म्हणजे सदऱ्याला. दोरी टपावरून घेतली, दाराच्या वरून आत, सांगाड्याच्या दांड्याला वेढे, पुन्हा बाहेर. एकूण बावीस गाठी. सगळ्या ऑफिसच्या गाठी, मी साहेबांच्या जीपला मारायचो त्याच.

नायलॉन घसरते. म्हणून मेणबत्ती लावून एकेक गाठ वितळवून घट्ट केली. काही थेंब कापडावर पडले. तेवढे आणखी चिकटले, चांगलेच झाले.

दारे अर्धी उघडतात. अंग तिरपे केले की आत जाता येते.

अमृतरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, मामा, ही गाडी हाय का पार्सल. विशाखा हसली. मग माझ्याकडे बघून चहा टाकायला गेली.

२१ फेब्रुवारी, शनिवार. नांदेड. संध्याकाळी ६

यशस्वी. लातूर ते नांदेड. ऐंशीच्या स्पीडला हूडाचा केससुद्धा हलला नाही. अहमदपूरला चहा घेतला. दोन माणसे गाडी बघायला आली, एकाने विचारले आत काय आहे. मी म्हणालो, काही नाही, हूडाचे काम माझे आहे. फार दिवसांनी चहा गोड लागला. लोह्याच्या पुढे तर डोळा लागला.

आता खात्री झाली की हूड नीट बांधणारा माणूस मी आहे. मग १९८९ ला चूक कोणाची, हे आपोआप सिद्ध होते.

धुरपताने गाडीला हात लावून पाहिला. गाठी मोजल्या. म्हणाली, उद्या पोरगी उभी कुठं राहनार? उघडणार कसं हे?

मी म्हणालो, तो उद्याचा प्रश्न आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७

गाठी सुटत नाहीत.

सकाळी ८.३०

आदर्शने सुरी आणली, दोरी कापली. टप तरी उठेना. मेणबत्तीने वितळलेले थेंब टपाला आणि पुढच्या पट्टीला चिकटून एकजीव झाले आहेत. जोर लावला की टप फाटतो. अमृतरावांच्या हातून मागच्या बाजूला वीतभर फाटला.

कॉलनीतली पोरे फुगे आणि हार घेऊन आली. एकाने विचारले, ताई कुठं बसणार. दुसरा म्हणाला, आत, आन आपण काचंतून बघायचं. लुंबिनी हसली. म्हणाली, आबा, टेन्शन घेऊ नका, मी चालत जाईन. नवी पांढरी साडी, पायात नवी चप्पल. चालत जाईन म्हणाली.

सकाळी ९

अमृतरावांनी मला न विचारता फोन लावला. वीरण्णा एसटीने निघाला.

दुपारी १

आला. मी आतल्या खोलीत आहे. पोट बिघडले आहे असे सांगितले. खिडकीतून दिसतो. बारीक झाला. केस सगळे पांढरे, कपाळाला विभूती तशीच. खांद्याला पिशवी. गाडीभोवती हळू फिरून राहिला.

बाहेर जाणार नाही. गेलो तर ओळखेल. वय झाले आहे, कदाचित ओळखणार नाही. पण ओळखेल.

दुपारी १.१५

लुंबिनी दारात आली. म्हणाली, आबा, ते आजोबा म्हणतात ज्यानं बांधलं त्यालाच बोलवा, कुठून कुठं दोरी नेली ते कळल्याशिवाय हात लावणार नाही. या ना.

जातो.

संध्याकाळी ८

सगळे झाले. क्रमाने लिहितो.

बाहेर गेलो तेव्हा तो चष्मा लावून आतल्या दांड्याची गाठ बघत होता. ती एक कापायची राहिली होती. मान वर न करता म्हणाला, ही गाठ मी पाहिली हाय. मग वर बघितले. माझे नाव घेऊन म्हणाला, साहेबराव. मी म्हणालो, हाव. म्हणाला, बरं हाय का. मी म्हणालो, हाव. बस. सदतीस वर्षांनंतर एवढेच.

मग कामाला लागला. गरम पाणी मागितले, फडके बुडवून थेंबांवर ठेवायचा, थोडा वेळ थांबायचा, आणि बोथट पट्टीने हळूच उचलायचा. दुधावरची साय काढतात तसे. मला म्हणाला, कोपरा धरा. मी धरला. पाऊण तास धरून होतो. मोटार गल्लीत जायला नको म्हणून पंधरा दिवस घातले, आणि शेवटी त्याचाच कोपरा धरून उभा.

मधे एकदा नाक जवळ नेऊन म्हणाला, लसूण कसा काय. मी खारोड्यांचे सांगितले. तो हसला. मग मीही हसलो. मग माझे हसणे मलाच ऐकू आले आणि थांबलो.

लुंबिनीने चहा आणला. विचारले, तुमची ओळख कशी. माझ्या हातातला कोपरा सुटला. वीरण्णा म्हणाला, एका साहेबाच्या जीपवर होतो आम्ही. हे हूड बांधायचे, मी गाडी चालवायचो. तिला फार आनंद झाला. म्हणाली, म्हणजे तुम्ही पण आमच्याच खात्यातले. तो म्हणाला, होतो थोडे दिवस.

थोडे दिवस म्हणाला. नऊ वर्षे होता.

टप घडी झाला. मग त्याने विचारले, घडीवरचं कव्हर कुठाय. मी म्हणालो, कसलं कव्हर. म्हणाला, काळं असतं, कडेला टिच बटणं, ते लावलं न्हाई तर वाऱ्यानं घडी उठून बसणार. विशाखा माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितले की ते लातूरला आहे. वाशिंग मशीनवर.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे.

धुरपताने पेटीतली नवी पांढरी चादर आणली. वीरण्णाने ती घडीवर नीट खोचली, सुतळी काढली, आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, बांधा. मी म्हणालो, तुम्हीच बांधा. म्हणाला, बांधा की, तुमचं काम हाय. सगळे बघत होते. मी बांधली. त्याने बोट घालून पाहिले, गाठ सोडली, एक पीळ जास्त दिला आणि पुन्हा आवळली. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, एक पीळ कमी पडतो साहेबराव. तेव्हाबी एकच कमी होता.

म्हणजे त्याला त्याच दिवशी माहीत होते. अर्धापूरला, केळीत वाकून नकाशे गोळा करताना.

लुंबिनी म्हणाली, अमृतमामा, आज गाडी या आजोबांना चालवू द्या. अमृतरावांनी लगेच चावी दिली. वीरण्णाने पिशवीतून कंगवा काढून केस विंचरले, मग बसला. लुंबिनी मागच्या सीटवर चढून उभी राहिली. सुतळीवर माझा भरवसा नव्हता म्हणून मी मागे कोपऱ्यात बसून दोन्ही हातांनी चादर दाबून धरली. विहारापासून कमानीपर्यंत. बायका ओवाळत होत्या, पोरे नाचत होती, वर निळे झेंडे. गाडी इतकी हळू आणि इतकी सरळ चालली की लुंबिनीला कुठे धरावे लागले नाही. याच माणसाबद्दल, जोरात चालवायचा म्हणून, मी लिहिले आहे. मागे, १५ तारखेच्या पानावर.

आता मोबाईलवर फोटो आले. सगळ्यांत लुंबिनी हात जोडून उभी, वीरण्णा पुढे बघतोय, आणि मी मागे वाकलेलो. आदर्शचा मित्र म्हणाला, आबांना रडू आवरत नव्हतं वाटतं.

कमानीजवळ माईक होता. सांगणारा म्हणाला, ज्या खात्यात आजोबा शिपाई, त्याच खात्यात नात साहेब, आता आजोबा दोन शब्द बोलतील. मी ठरवले की आता सांगायचे. सगळ्यांसमोर. वीरण्णा दहा हातांवर उभा होता. माईक हातात घेतला. घसा साफ केला. म्हणालो, एक विनंती आहे, गाडीजवळ फटाके लावू नका.

टाळ्या पडल्या.

वीरण्णा सातच्या गाडीने गेला. स्टँडवर अमृतरावांनी सोडले. मला पाय दुखतात म्हणून मी गेलो नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३

खरे काय ते लिहितो. वेगाने उडाले नव्हते. त्या दिवशी साहेबांना घाई होती, मी घाईत बांधले. चौकशीत साहेबांनी विचारले, हूड कोणी बांधले. विचारले तेवढ्याचे उत्तर दिले. म्हणजे लिहून दिले. हूड चालकाने बांधले होते. खाली माझी सही. त्याच महिन्यात रोजंदारीवाल्यांची कायम होण्याची यादी निघणार होती, आमची दोघांची नावे त्यात होती. नंतर एकच राहिले.

त्या कायम नोकरीवर आदर्श डीएड झाला. आदर्शच्या पगारावर लुंबिनी लातूरला क्लासला राहिली.

संकल्प : लातूरला जायचे. वीरण्णाच्या समोर बसून सांगायचे. याच आठवड्यात.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाय दुखतात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५

पत्र लिहून बघितले. विषय : सन १९८९ चे हूडाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. पुढे जाईना. फाडले. माणसाला महोदय म्हणून माफी मागता येत नाही.

धुरपताने तुकडे केरात पाहिले. तिला थोडेफार वाचता येते. म्हणाली, मला काय नवीन हाय. तुमी कायम झाल्याचे पेढे वाटले त्या वर्षी, म्या एकबी खाल्ला न्हाई. तुमाला ध्यानात आलं न्हाई.

खरेच आले नव्हते. मी समजत होतो तिला गोड आवडत नाही. सदतीस वर्षे तिच्या वाटचे पेढे मी खात आलो.

मी म्हणालो, मी जाणारच आहे त्याच्याकडे. ती म्हणाली, जावा की. एसटी काय तुमच्यासाठी बंद हाय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या रविवार, गर्दी असते. सोमवारी सकाळी जातो. नक्की. काय बोलायचे ते चार ओळीत पाठ केले आहे. लुंबिनीची शप्पथ. पोरीची शप्पथ घ्यायला नको होती.

२ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

लातूरला गेलो. पहिल्या गाडीने. मोटार गल्लीत रुमाल न बांधता गेलो. चारी ओळी तोंडात होत्या.

शटर खाली होते. बोर्डावर लाल अक्षरात लिहिले आहे, सोमवारी बंद. ते माझ्याच अक्षरात ९ तारखेच्या पानावरही आहे.

बरे वाटले. खोटे कशाला लिहू. शटर बघून छातीवरचा दगड उतरल्यासारखे झाले. मग पायरीवर बसलो. शेजारच्या पंक्चरवाल्याने विचारले, काही काम होतं का, घर जवळच हाय त्याचं, मागच्या बोळात, बोलावू का. मी म्हणालो, नको, सहज आलो होतो. तो म्हणाला, नाव सांगा, निरोप देतो. मी म्हणालो, तसं काही नाही.

विशाखाकडे गेलो नाही. परतीच्या गाडीने आलो. खिडकी मिळाली.

धुरपता दारातच होती. म्हणाली, भेटला का. मी म्हणालो, दुकान बंद होतं. तिने विचारले, आज वार कोणता.

सांगितला.